गोगीचं स्टूल

त्या शाळेत घंटा नव्हती, छडी नव्हती, इयत्ता नव्हत्या, आणि काकांचं म्हणणं मानायचं तर शिकवणंही नव्हतं. मूल आपलं आपण शिकतं, मोठ्यांनी फक्त आडवं यायचं नाही. काका म्हणजे शाळा काढणारे गृहस्थ. पायात रबरी चपला आणि दर दोन वाक्यांमागे एक सुविचार. त्यांचा सगळ्यात लाडका सुविचार असा, की न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे भूक नसताना भरवलेलं जेवण. पोटात जातं, अंगी लागत नाही. म्हणून मूल विचारेपर्यंत मोठ्यांनी मूग गिळून बसायचं. विचारलं की मात्र खरं ते सांगायचं, साखर न घालता, अर्धं न ठेवता. ऐकायला झकास आहे की नाही? आणि बहुतेक वेळा ते चालायचंही.

मागच्या बाजूला पत्र्याची लांबट शेड होती. तिथे लाकूडकाम चालायचं आणि ते सांभाळणाऱ्या बाईला सगळी मुलं सुतारताई म्हणायची. करवत, रंधा, पटाशी, सगळं मुलांच्या हाताशी. शाळेत कुलूप म्हणून नव्हतंच. ताईची स्वतःची मुलगीही त्याच शाळेत होती, नऊ वर्षांची. तिचं नाव पडलं होतं गोगलगाय आणि ते झिजून झालं गोगी, कारण ती जन्माची संथ. बाकीची मुलं एका आठवड्यात होडी, तलवार आणि पाखरांचं घर करून मोकळी व्हायची, तेव्हा ही अजून फळीवरून बोट फिरवत बसलेली. एखादा सांधा जरा हलला की खोलायची आणि परत बसवायची. डावखुरी होती, त्यामुळे रंधाही उलट्या बाजूने मारायची. वर्षभर ती एक स्टूल करत होती. सुट्टी लागली तेव्हा त्याला दोन पाय बसले होते.

सुट्टीत तापाचं निमित्त झालं आणि गोगी गेली.

शाळा उघडली त्या दिवशी ताई हजर होती. घरी बसून तरी काय करणार होती? काकांनी मोठ्यांना एकत्र बोलावून हळू आवाजात सांगितलं, "मुलांना घाईने काही सांगू नका. ती विचारतील. विचारलं की सगळं नीट सांगू." सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मुलांनी विचारलंच नाही. मुंगीला गुडघे असतात का आणि माशाला तहान लागते का असं दिवसभर विचारून भंडावून सोडणारी ती पोरं, पण गोगी कुठे आहे हे एकानेही विचारलं नाही. मोठ्यांनी अर्थ काढला, मुलांची अजून तयारी नाही. सोयीचा अर्थ माणसाला नेहमी लवकर सापडतो.

ताईला तर ते हवंच होतं. दवाखान्यात, घरात, फोनवर, जिथे तिथे लोकांच्या तोंडून तो शब्द ऐकून झाला होता. या एका जागी तो कोणी उच्चारला नव्हता. पहिल्याच दिवशी एका पोराने फळीवरचं ते दोन पायांचं स्टूल खाली घ्यायला हात घातला, तेव्हा ताईच्या तोंडून निघून गेलं, "ठेव ते. गोगीचं आहे. ती करेल."

करेल, म्हणाली. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. खारू नावाची एक मुलगी होती, पुढचे दोन दात मोठे म्हणून खारू, गोगीची जिवाभावाची मैत्रीण. तिने तोंड उघडलं आणि परत मिटलं. ताई करवतीचे दात तपासत बसली, जणू काही झालंच नाही.

शाळेचा पहिला तास म्हणजे 'आपापला तास'. त्या तासात मुलांनी हवं तिथे जायचं, हवं ते करायचं, आणि मोठ्यांनी स्वयंपाकघरात चहा घेत बसायचं. डोकावायचंसुद्धा नाही, हा नियम. तर अशाच एका सकाळी चहा संपवून ताई शेडमध्ये आली. आत कोणी नव्हतं. फळीवरच्या स्टुलाशेजारी तिसरा पाय पडला होता. काल तो नुसता चौकोनी ठोकळा होता, आज त्याच्या दोन बाजू रंध्याने साफ केलेल्या होत्या. ताईने तो उचलून उजेडात धरला. रंधा उलट्या बाजूने मारलेला होता. डाव्या हाताने.

पाय होता तसा खाली ठेवून तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. बाहेर मुलं माती कालवत होती. खारू पाइप धरून उभी होती आणि तिचं लक्षही नव्हतं. निदान ताईला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिसरी बाजू झाली. पुढे केव्हातरी पायाचं टोक तासून खाचेच्या मापाचं झालं. मग एक दिवस ताई आत आली तर सरसाचा वास येत होता. सरस म्हणजे लाकूड चिकटवायचा डिंक, तो गरम करून लावावा लागतो. शेगडीवरच्या छोट्या पातेल्याला तिने हात लावला, तर ते कोमट होतं. स्टुलाला तिसरा पाय बसला होता आणि सांध्यातून सरसाचा एक ओघळ खाली आला होता. गोगीचेही ओघळ असेच यायचे. "पूस गं ते, वाळलं की निघत नाही," असं ताई शंभरदा सांगायची. आजही तिने तेच म्हटलं, मोठ्याने, रिकाम्या शेडमध्ये. आणि मग ओल्या फडक्याने स्वतःच पुसून काढलं.

आता कोणी म्हणेल, एवढी पोरं आजूबाजूला वावरतात आणि बाईला संशयही येऊ नये? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असाच. पण वळसा घालणाऱ्याला कळसा सापडायलाच नको असेल तर त्याला कोण काय सांगणार? तिला डोळे होते, अक्कल होती. पण डोळे आणि अक्कल वापरली की मुलगी जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने दोन्ही गुंडाळून ठेवली.

घरी ती परत जेवायला लागली. गोगीचे बाबा छापखान्यात कामाला होते. आल्यावर हातावरची शाई घासता घासता त्यांनी तिला भाजी चिरताना गुणगुणताना ऐकलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. बिचाऱ्याला वाटलं, बायको सावरली.

"बरं वाटतंय तुला," ते म्हणाले.

"शाळेत मन रमतं."

"मुलं विचारतात का काही?"

"नाही. विचारतील तेव्हा सांगू."

"तुमच्या शाळेचं काही कळत नाही बुवा मला," एवढंच म्हणून बाबा पान वाढून घ्यायला उठले.

पण चौथा पाय आकाराला यायला लागला आणि ताई हिशेब करायला लागली. स्टूल पुरं झालं की मग काय? गोगीची एक खोड होती. केलेली वस्तू पुरी झाली की ती तिच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. महिनोन्महिने जीव टाकायची आणि झालं की संपलं, देऊन टाका कोणाला हवं त्याला. मग हे स्टूल झाल्यावर ती शेडमध्ये कशाला येईल? तिला बोलावण्यासारखं आपल्याकडे दुसरं आहे काय?

त्या संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर ताई मागे थांबली. तिने पाणी तापवलं, फडकं बुडवून पिळलं, तिसऱ्या पायाच्या सांध्याभोवती गुंडाळलं आणि सरस मऊ होईपर्यंत धरून बसली. मग लाकडी हातोडीने हलकेच ठोकून पाय काढला, खाच खरवडून साफ केली आणि सगळं फळीवर होतं तसं ठेवलं. चोरी करताना हात कापतो म्हणतात. तिचा कापला नाही. उलट फार दिवसांनी मुलीसाठी काहीतरी केल्यासारखं वाटून ती हलक्या मनाने घरी गेली.

सकाळी पाय परत बसलेला होता. संध्याकाळी तिने परत काढला. मग हे चालूच राहिलं. कधी तो पाय, कधी हा, कधी आडवी पट्टी. दिवसा कोणीतरी जोडायचं आणि संध्याकाळी ताई खोलायची. तिच्या लक्षात यायला लागलं, की काम दिवसेंदिवस जास्त नीट होतंय. सरसाचे ओघळ थांबले. सांधे घट्ट बसू लागले, इतके की सोडवताना तिची दमछाक व्हायची. "शिकलीस गं," ती म्हणायची. दोघींचा खेळ चालला होता, असं तिच्या मनाने घेतलं. तिला तो खेळ फार आवडायचा, खोटं कशाला बोला.

याच सुमारास शेंडेफळाचं काहीतरी बिनसलं. शेंडेफळ म्हणजे शाळेतली सगळ्यात लहान मुलगी. दिवसभर शेडमध्ये भुशाचे डोंगर करत बसायची, हाकलली तरी जायची नाही. ती शेडमध्ये येईनाशी झाली. नुसती येईनाशी नाही, तर नळावर जायचं असलं तरी शेडचं दार टाळून बागेला अख्खा वळसा घालायची. चहाच्या वेळी काका म्हणाले, "माझ्या लक्षात आलंय. पण निरीक्षण करू. तिचं तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल."

एरवी ताईने काकांच्या या वाक्याची टर उडवली असती. आज तिने कपात तोंड खुपसलं. चोराच्या मनात चांदणं.

शेवटी शेंडेफळाची आईच आली. संध्याकाळी फाटकापाशी, मुलीला पुढे पाठवून ती मागे रेंगाळली. भली बाई होती. काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं.

"ताई, रागावू नका. मला तुम्हाला हे सांगायला फार जड जातंय."

"बोला ना."

"ती झोपेत दचकते. घामाघूम होते. गोगी रागावली, गोगी रागावली, असं म्हणत उठते. अंधारात मोरीत जात नाही. म्हणते, गोगी हाताला धरेल." बाईने पदराने नाक पुसलं. "एरवी गोगीचं नाव काढलं की नुसती खुलायची हो. हिला कडेवर घेऊन फिरायची ना ती. आता त्या नावाला भिते. मला कळत नाही काय झालं ते."

ताईला कळलं. उभ्या जागी, एका क्षणात सगळं कळलं. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय हे तिला दवाखान्यात एकदा समजलं होतं, आज दुसऱ्यांदा समजलं. ती काहीतरी पुटपुटली, "बघते मी," असं काहीसं. त्या संध्याकाळी ती शेडमध्ये गेलीच नाही. रात्री बाबा दोनदा म्हणाले, "काय झालं?" तिने भिंतीकडे तोंड केलं.

विचार करायला खरं तर काही उरलं नव्हतं. दिवसा येणारी जर गोगीच असेल, तर शेंडेफळाने भ्यायचं काही कारण नाही. आणि येणारी गोगी नसेल, तर जोडलेलं स्टूल रोज सुटलेलं बघून पोरं काय समजणार? मग माझ्या पोरीचं भूत कोणी केलं? तर मी केलं. जी कधी कुणावर साधी चिडली नाही, तिला मी रागीट करून ठेवली. मेलेल्या माणसाचं मागे राहतं ते काय, तर चार जणांच्या तोंडी नाव. तेही मी नासवलं. हा डाग पुसायचा तर एकच रस्ता होता. शेडच्या दारात उभं राहून आत बघायचं. आणि बघितलं की खेळ संपला, मुलगी गेली, या वेळी कायमची. रात्रभर ती या दोन गोष्टींच्या मध्ये पडून राहिली.

सकाळी आपापला तास सुरू झाला. काकांनी चहा ओतला. ताई उठली.

"कुठे?" काका म्हणाले.

"शेडमध्ये."

"अगं, पण आत्ता तर..."

"माहीत आहे मला नियम," ताई म्हणाली आणि चपला न घालताच निघाली.

बागेतून जाताना तिला रंध्याचा आवाज ऐकू आला. दोन लांब हात, मग थांबणं, मग एक छोटा हात, परत थांबणं. तिचे पाय थबकले. गोगी अशीच मारायची. मध्येच थांबून लाकडावरून बोट फिरवायची, मग पुढचा हात. जगात दुसरं कोणी असं रंधा मारत नाही, अशी तिला खात्री होती. बाई शहाणी होती, रात्रभर स्वतःची समजूत घालून आली होती, तरी दाराच्या कडीवर हात ठेवताना ती मनात म्हणालीच, असू दे. एकदाच असू दे. नंतर काय हवं ते होऊ दे.

तिने दार लोटलं.

आत खारू होती. बाकाला पोट टेकवून, रंधा डाव्या हातात धरून, जीभ बाहेर काढून ती चौथा पाय साफ करत होती. बाकीचे चारपाच जण आजूबाजूला. एकाने पाय घट्ट धरला होता, एकजण सरस ढवळत होता. मागच्या खिडकीबाहेर शेंडेफळाचं तोंड दिसत होतं, आत न येता बघणारं. ताईला पाहून सगळे गारठले. खारूने रंधा पाठीमागे लपवला, म्हणजे काय करत होती ते पुरतं उघड झालं.

ताईला वाटलं आता आपण खाली बसणार. आणि ती बसलीच, तिथेच भुशात.

"तू तर उजव्या हाताची ना गं?" तिने विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"गोगी डावखुरी होती," खारू म्हणाली. "तिचं आहे ना ते. म्हणून मी पण तसंच करते. आधी जमत नव्हतं."

"का करत होतात?"

आता विचारलं होतं. आणि विचारलं की खरं सांगायचं, हा तर त्यांच्या शाळेचा धर्म. खारूने बाकीच्यांकडे पाहिलं. सरस ढवळणारा मान खाली घालून म्हणाला, "तू म्हणालीस ती करेल. पहिल्या दिवशी. मग आम्ही सभा घेतली. आमची आमची."

"आम्हाला वाटलं, स्टूल झालं नाही तर तू वाट बघत बसशील," खारू म्हणाली. "झालेलं दिसलं की तुला बरं वाटेल. पण ते होतच नाही. आम्ही बसवलं की दुसऱ्या दिवशी सुटलेलं. मग आम्ही जास्त नीट बसवलं. तरी सुटतं. गोगीला नाही ना आवडत? चुकलं की ती खोलायचीच. ती येऊन खोलते आहे ना?"

खिडकीतलं तोंड दिसेनासं झालं. नुसती चार बोटं चौकटीवर राहिली, पांढरी पडलेली.

ताईला अजूनही गप्प बसता आलं असतं. मुलांनी उत्तर स्वतःच तयार ठेवलं होतं, तिने नुसतं हूं म्हणायचं होतं. तेवढ्या एका हुंकारावर गोगी येत राहिली असती, जात राहिली असती. तिने खिडकीतल्या बोटांकडे पाहिलं.

"गोगी नाही खोलत," ती म्हणाली. "मी खोलते. रोज संध्याकाळी, तुम्ही गेल्यावर. गरम फडकं लावून."

"तू?"

"हो. मला वाटायचं दिवसा ती येऊन करते. म्हणून मी संपू देत नव्हते."

खिडकीत शेंडेफळाचं डोकं हळूहळू वर आलं. आधी केस, मग डोळे.

"म्हणजे गोगी रागावली नाही?" तिने बाहेरूनच विचारलं.

"नाही गं राणी. गोगी कुणावर रागावत नाही. ती येत नाही, काही करत नाही." ताई थांबली नाही, साखर न घालता, अर्धं न ठेवता सांगायचं होतं. "गोगी मेली. सुट्टीत. ताप आला आणि मेली."

इतक्या दिवसांत हा शब्द तिने पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता. बोलून झाल्यावर ती मुलांकडे बघत राहिली, आता रडतील, घाबरतील, प्रश्न विचारतील म्हणून. एकही पोर दचकलं नाही. सरस ढवळणाऱ्याने नुसती मान हलवली. त्यांना ते केव्हापासून ठाऊक होतं.

शेंडेफळ मात्र खिडकीपासून पळत निघालं, बाहेरून वळून दारात आलं, उंबऱ्यावर क्षणभर थांबलं आणि आत आलं. भुशातून चालत ते ताईच्या अगदी समोर येऊन उभं राहिलं. ताई खाली बसली होती, त्यामुळे दोघींचे डोळे एका उंचीवर आले.

"आम्हाला माहीत होतं," ते म्हणालं. "सभेत ठरलं होतं, तू विचारल्याशिवाय सांगायचं नाही. तुला माहीत होतं?"

ताईने हो म्हणायला तोंड उघडलं. दवाखान्यात तीच तर उशाशी होती. पण या शाळेत मुलांना खरं सांगायचं असतं.

"नाही," ती म्हणाली. "आत्ता कळलं."